अंथरूण पाहून गाडी

मोटारींच्या दुकानांतील तो तरुण विक्रेता मोठा बोलका होता. ही गाडी किती खोल पाण्यांतून जाते, किती अंशांचा चढ चढते, एखादें चाक अधांतरीं राहिलें तरी कशी पुढें सरते, हें सर्व त्यानें आम्हांला पंधरा मिनिटें न थांबतां सांगितलें. माझी मान प्रत्येक वाक्याला डोलत होती. आमच्या सौभाग्यवती मात्र गप्प होत्या. त्याचें बोलणें संपल्यावर त्यांनीं पर्समधून शिंप्याची फीत काढली, मागचें दार उघडावयास सांगितलें, आणि फितीचें एक टोंक पुढच्या बैठकीच्या पाठीला लावून दुसरें दाराशीं नेलें. "चार फूट सात इंच," त्या म्हणाल्या. "हे पांच फूट आठ इंच आहेत. उरलेले तेरा इंच कोठें ठेवावयाचे?"

विक्रेता हंसला. मी हंसलों नाहीं. कारण त्या तेरा इंचांची किंमत मीं पूर्वीं एकदां रोख मोजली होती. श्रोतेहो, रानावनांत नेऊन तींतच मुक्काम करण्याजोगी गाडी कशी निवडावी, या विषयावर मी आज बोलणार आहें. पहिली गाडी मीं एकट्यानें निवडली. दुसऱ्या गाडीच्या वेळीं फीत बरोबर होती. या दोन निवडींतील अंतर हेंच माझें या विषयांतलें भांडवल.

आमच्या घरची परिस्थिति थोडक्यांत सांगतों. सौभाग्यवतींनीं अठ्ठावीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. चंद्रा आणि भागा या नद्या तांडी येथें मिळतात व पुढें त्यांचीच चिनाब होते, लाहूल आणि स्पिती यांच्यामध्यें कुंझुमची खिंड आहे, हें त्यांनीं खडूनें फळ्यावर किती वेळां काढलें असेल त्याला गणती नाहीं. स्वतः पाहिलेलें सर्वांत उंच ठिकाण मात्र महाबळेश्वर. निवृत्त झाल्यावर जाऊं, असें प्रत्येक उन्हाळ्यांत ठरे. निवृत्ति आली ती उजव्या गुडघ्याचें दुखणें बरोबर घेऊन. पुढेंमागें सांधा बदलावा लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि तोंपर्यंत जमिनीवर बसणें नाहीं, शिडी चढणें नाहीं. "शस्त्रक्रियेनंतर काय होईल तें होवो, तिच्या आधीं मला एकदां चंद्रेच्या कांठीं सकाळीं जागें व्हावयाचें आहे," असें त्या म्हणाल्या. जमिनीवरचा तंबू त्याच क्षणीं बाद झाला. गाडीच्या टपावर उलगडणारे तंबू हल्लीं मिळतात, परंतु त्यांना शिडी असते. राहतां राहिलें गाडीच्या पोटांत निजणें.

हें सर्व ठाऊक असून मीं पहिली गाडी निवडली ती चित्रें पाहून. आंखूड बांध्याची, उंच, चारही चाकांनीं ओढणारी. नदींत उभी असलेली तिची छबि मला स्वप्नांत दिसूं लागली होती. नोव्हेंबरांतल्या एका शनिवारीं आम्हीं ती ताम्हिणीच्या पलीकडे नेली. मागची बैठक पाडली, गादी घातली, आणि मग समजलें कीं सरळ निजावयाचें तर पाय दारांतून बाहेर काढावे लागतील. पाडलेली बैठक सपाट होत नव्हती. तिच्या पाठीचा उंचवटा नेमका कमरेखालीं येत होता. आम्ही दोघेंही कोयत्यासारखीं वांकून निजलों. रात्रीं केव्हां तरी कांचांवरून दंवाचे ओघळ गळूं लागले. सकाळीं सौभाग्यवतींचा गुडघा लिंबाएवढा सुजला होता, आणि पुढें तीन आठवडे त्या काठी घेऊन चालत होत्या. गाडी उत्तम होती. तिला नांवें ठेवावीं असा तिचा एकही गुन्हा नव्हता. ती ज्या कामाला केली होती तें काम मीं तिला सांगितलें नव्हतें, एवढेंच.

या जातीच्या गाड्यांचें कूळ पाहिलें म्हणजे ही चूक सहज कशी होते तें कळतें. १९४१ पासून लढाईसाठीं शेंकडों-हजारोंनीं बाहेर पडलेली जीप ही शिपाई आणि सामान चिखलांतून नेण्याकरितां होती. महायुद्ध संपल्यावर तिची जुळणी मुंबईंत महिंद्र कंपनीनें सुरू केली, आणि आपल्याकडे या प्रकारच्या सर्वच गाड्यांना लोक आजही जीप म्हणतात. इंग्लंडांतली लँड रोव्हर १९४८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. ती शेतकऱ्यासाठीं होती, आणि पोलाद दुर्मिळ असल्यामुळें तिचें अंग ॲल्युमिनियमचें केलें होतें. दोन्ही घराण्यांत झोंपेचा विचार कोणीं केला नव्हता. ऑस्ट्रेलियांत मात्र टोयोटाच्या लँड क्रूझरचा एक लांब प्रकार आहे. सत्तर क्रमांकाची ही मालिका १९८४ सालीं निघाली. या प्रकारांत मागें शिपाई समोरासमोर बसावेत म्हणून लांबलचक रिकामी पेटीच ठेवलेली असते; गाडीची लांबी सव्वापांच मीटरांच्या आसपास, आणि इंधन १८० लिटर. तिकडचे हौशी लोक रानांतल्या मुक्कामासाठीं हीच गाडी शोधून काढतात. माझ्या मतें त्याचें कारण ती चिखलांत इतरांहून फार पुढें जाते हें नव्हे. तिच्या पोटांत माणूस सरळ निजतो, हें आहे.

आतां तुम्ही म्हणाल, निजावयाचेंच तर मग चारही चाकें कशाला हवींत? प्रश्न रास्त आहे. आमच्या बेताप्रमाणें प्रवास अठरा दिवसांचा, म्हणजे सतरा रात्रींचा. रात्रीं आठ तास धरले तर एकशें छत्तीस तास आम्ही आडवे असणार. चारही चाकें जोडून, लहान गिअरवर गाडी चालविण्याचा वेळ साऱ्या प्रवासांत पांच तासांहून अधिक होईल असें मला वाटत नाहीं. परंतु ते पांच तास टाळतां येत नाहींत. ग्रांफूहून बाटल, तेथून कुंझुम ओलांडून लोसर, या वाटेवर ओढे रस्त्यावरूनच वाहतात. त्यांचा स्वभाव मोठा शिकण्यासारखा आहे. दिवसा ऊन चढलें कीं वरचें बर्फ वितळतें आणि दुपारीं ओढा फुगतो. रात्रीं थंडीनें वितळणें मंदावतें आणि पहाटे तोच ओढा निम्म्यावर येतो. ज्याचा मुक्काम पुढच्या गांवच्या खोलींत ठरलेला आहे त्याला दुपारच्या पाण्यांत गाडी घालावी लागते. ज्याचें अंथरूण गाडींतच आहे तो अलीकडच्या कांठाला, पाण्यापासून बराच वर, खुशाल निजतो आणि सकाळीं पार होतो. म्हणजे चांगलें अंथरूण हेंच चिखलपाण्यांतून सुटण्याचें एक साधन ठरतें. विक्रेत्याच्या पंधरा मिनिटांत हें आलें नव्हतें.

तेव्हां आधीं फीत. पुढची बैठक चालविणाऱ्याला हवी तेवढी मागें ठेवून, तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत अंतर मोजावें. निजणाऱ्या माणसाच्या उंचीहून तें निदान पांच-सहा इंच अधिक असावें. कमी पडत असेल तर पुढची बैठक रात्रीं पुढें ढकलून, मधल्या पोकळीवर फळी टाकून किती इंच मिळतात तें पाहावें. रुंदी खिडकीपासून खिडकीपर्यंत मोजूं नये, चाकांवरच्या कमानींच्या मधून मोजावी. तेथेंच गादी अडते. उंची मोजतांना पाडलेल्या बैठका, त्यांवरची फळी व गादी धरून वर किती उरतें तें पाहावें. मांडी घालून नव्हे, पाय सोडून ताठ बसतां आलें पाहिजे, आणि त्याला सुमारें तीन फूट लागतात. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना हें क्षुल्लक वाटेल. पहाटे गार हवेंत पायमोजे घालण्याची वेळ आली म्हणजे वाटणार नाहीं.

आपल्याकडील गाड्यांना ही फीत लावली असतां काय दिसतें? १९८५ पासून पुढें तीन तपांच्या आसपास चाललेली मारुतीची जिप्सी अजून पुष्कळांच्या मनांत आहे. वजनाला हलकी, दुरुस्तीला सोपी. पण तिच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,३७५ मिलिमीटर, शिवाय ती आतां नवी मिळत नाहीं. २०२३ सालीं भारतांत आलेल्या पांच दारांच्या जिम्नींत हेंच अंतर २,५९० आहे. तिचें वजन बाराशें किलोंच्या आसपास असल्यामुळें वाळूंत ती कमी रुतते, आणि पुढच्या बैठकीची पाठ पार मागें पाडतां येते. एकट्या माणसाला मी तिचीच शिफारस करीन. दोघांना ती पुरणार नाहीं. महिंद्रच्या तीन दारांच्या थारमध्यें अंतर २,४५०, पांच दारांच्या रॉक्समध्यें २,८५०. आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखांत तीन दारांच्या गाडीचें २,४०० आणि पांच दारांच्या गाडीचें २,८२५. या शेवटच्या दोन आंकड्यांतला फरक सतरा इंचांजवळ येतो. सतरा इंच म्हणजे जवळजवळ गुडघ्यापासून टांचेपर्यंतचें अंतर! ताम्हिणींत आम्हांला नेमकें तेवढेंच कमी पडलें होतें.

अर्थात् लांबी फुकट मिळत नाहीं. लांब गाडीचें पोट उंचवट्यावर टेकतें, आणि घाटांतल्या अरुंद वळणावर तिला एकदां मागें घ्यावें लागतें. कड्यावरून उडी मारल्याप्रमाणें गाडी हाकणाऱ्या तरुणांनीं आंखूडच घ्यावी. आम्हांला वळणावर दोन मिनिटें अधिक लागलीं तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

चाकांच्या बाबतींत एक गैरसमज दूर करावासा वाटतो. "चारही चाकें ओढतात" एवढ्यावर भुलूं नये. कांहीं गाड्यांत चारही चाकांना शक्ति मिळते, पण ती निसरड्या रस्त्यापुरती. त्यांत लहान गिअरांची दुसरी जोडी नसते. डोंगरांत खरी गरज असते ती या दुसऱ्या जोडीची. ती घातली कीं गाडी मुंगीच्या पावलांनीं, पण बैलाच्या जोरानें चालते, आणि उतारावर ब्रेक न दाबतां यंत्रच तिला धरून ठेवतें. दुसरी गोष्ट डिफरन्शिअलची. वळतांना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावें लागतें, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानें फिरूं देणारी ही योजना आहे. पण तिच्यांत एक खोड आहे. एक चाक चिखलांत गेलें आणि दुसरें खडकावर असलें, तर चिखलांतलें चाकच गरगर फिरतें. खडकावरचें स्वस्थ राहतें. आळशी भावाच्या वांट्याला सर्व इस्टेट जावी तसा हा प्रकार. तें जखडून टाकण्याची सोय, म्हणजे कुलूप, निदान मागच्या आंसाला असावें. गुरखांत तें पुढें व मागें दोन्हीकडे येतें. मात्र कुलूप काय किंवा जोडलेलीं चारही चाकें काय, कोरड्या डांबरी रस्त्यावर सोडून द्यावीं. ज्या गाडींत पुढची व मागची जोडी ताठ जोडली जाते, तिच्या यंत्राला तेथें पीळ बसतो. आणि टायर! दहा हजारांचा दिखाऊ दिवा टपावर लावणारे लोक झिजलेल्या टायरवर निघतात, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

आतां वजन. ही बाब कोणी विचारीत नाहीं, आणि माझ्या मतें फितीखालोखाल तीच महत्त्वाची. भरलेल्या गाडीचें जास्तींत जास्त वजन किती असावें हें कारखानदार ठरवून देतो. त्यांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा करावें. उरतें त्यांत माणसें, पाणी, पलंग, चूल, भांडीं, कपडे सर्व आलें. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो. जाड प्लायवुडचा आठ फूट बाय चार फूट तक्ता तीस किलोंच्या घरांत जातो, आणि सुताराला मोकळा सोडला तर तो असे तीन तक्ते सहज वापरतो. शंभर ॲम्पिअर-तासांची शिशाची बॅटरी तीस किलो, तेवढीच लिथियमची बारा-तेरा किलो. टपावरचा तंबू पन्नास ते सत्तर किलो, आणि तोही सर्वांत उंच जागीं. त्यामुळें आडव्या उतारावर गाडी कलंडावयास मदतच होते. शिवाय काझ्यासारख्या ठिकाणीं, जेथें पाणी सुमारें अठ्ठ्याऐंशी अंशांनाच उकळतें, कुकर नेल्यावांचून डाळ शिजत नाहीं. तो सौभाग्यवतींनीं यादींत पहिला लिहिला. फ्रिज त्यांनीं खोडला. "मेतकूट, लोणचें आणि भाजणी यांना फ्रिज लागत नाहीं," असा निकाल मिळाला, आणि त्याबरोबर दुसरी बॅटरीही गेली. जितकें कमी न्यावें तितकी गाडी मोठी होत जाते!

कायद्याचा विषय टाळून चालत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें सांगतें कीं, नोंदणींत असलेला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फरक मालकानें गाडींत करूं नये. आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हीच भूमिका स्पष्ट केली. तेव्हां छत कापून उंच करणें, बैठका कायमच्या उपटून नोंदणीपुस्तकांतली संख्या खोटी पाडणें, हे उद्योग परदेशांतल्या चित्रांत पाहून करूं नयेत. गाडीपुढें लोखंडी गज बसविण्याविरुद्धही केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांत राज्यांना लिहिलें आहे. कारखान्यांतच घर म्हणून बांधलेल्या गाड्यांसाठीं वेगळा वर्ग आहे, त्यांची गोष्ट निराळी. आपल्यासारख्यांनीं पलंग असा करावा कीं तो सामान म्हणून आंत ठेवतां येईल व सामान म्हणून बाहेर काढतां येईल. एकही भोंक गाडीच्या पत्र्याला पडूं नये. हें बंधन आहे खरें. पण परत विकतांनाही तेंच उपयोगी पडतें, हा माझा पहिल्या गाडीचा अनुभव.

रात्रीविषयीं दोनच गोष्टी सांगतों, पण त्या जिवावरच्या आहेत. थंडी वाजते म्हणून यंत्र चालू ठेवून बंद गाडींत कदापि निजूं नये, आणि शेगडी कोणत्याही प्रकारची असो, ती आंत पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोंपलेल्या माणसाला तो जागें करीत नाहीं. ऊब पांघरुणानें मिळवावी. दोन समोरासमोरच्या खिडक्या दोन-दोन बोटें उघड्या ठेवाव्यात व त्यांना जाळी लावावी. रात्रभरांत आपल्या श्वासांतून निघणारी वाफ त्यांतून बाहेर जाते. ताम्हिणीला आमच्या अंगावर गळलें तें दंव आकाशांतलें नव्हतें, आमचेंच होतें.

आम्हीं अखेर कोणती गाडी घेतली हें मी सांगत नाहीं. भाषणाची जाहिरात होऊं नये, आणि तुमची उंची माझ्याएवढी असेलच असें नाहीं. पांच दारांची, लांब बांध्याची, लहान गिअरांची व मागच्या आंसाला कुलूप असलेली आहे, एवढें पुरे. फितीनें सहा फूट दोन इंच दाखविले तेव्हां सौभाग्यवतींनीं विक्रेत्याकडे पाहून मान डोलावली. त्यानंतर यंत्राची माहिती ऐकून घेण्यास त्या तयार झाल्या.

पहिली परीक्षा सोसायटीच्या आवारांतच घेतली. पलंग तीन फळ्यांचा, वर चार इंचांची गादी. रात्रीं दोन वाजतां रखवालदारानें कांचेवर टकटक केली, आणि आंतून आम्हां दोघांचीं तोंडें पाहून तो बिचारा इतका ओशाळला कीं, घरांत कांहीं भांडण झालें आहे काय, असें विचारण्याचेंही त्याला सुचलें नाहीं. पाठ सरळ राहिली. गुडघा सुजला नाहीं. एक उणीव मात्र कळली, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकांत नव्हती. गाडी जमिनीपासून जितकी उंच तितकी खडकांना चांगली, पण तेवढेंच तिच्यांत चढणें कठीण. सौभाग्यवतींना पाऊल टाकतां येईना. शेवटीं देवघरांतला नऊ इंचांचा पाट आणला आणि प्रश्न सुटला. पाटाचें वजन दोन किलो भरलें. यादींत लिहिलें आहे.

सप्टेंबरांत निघावयाचें ठरलें आहे. तोंपर्यंत वरचे ओढे उतरलेले असतात. तिसऱ्या फळीची बिजागरी तेवढी बसावयाची आहे. सुतार उद्यां येतों म्हणाला आहे. गेल्या मंगळवारींही तो तेंच म्हणाला होता.